बुटकी गाय, रेडकू की बोकड? गोव्यात मांसासाठी पाळायचं तर

माझा मावसभाऊ पंधरा वर्षं बोटीवर होता. आता गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरी परतलाय. मागे काजूची टेकडी, पुढे पडीक मळा, मध्ये रिकामा गोठा. बोटीवर असतानाच त्याने ऑस्ट्रेलियातल्या लोलाइन गुरांचे व्हिडिओ पाहिले होते. आल्या दिवशी कमरेखाली हात धरून म्हणाला, "दादा, एवढीशी गाय. चारा कमी, जागा कमी, आणि बीफला गिऱ्हाईक तर गोव्यात आहेच."

गिऱ्हाईक आहे हे खरं. कर्नाटकाचा गोहत्याबंदीचा नवा कायदा जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला तेव्हा इथल्या दुकानांत माल येईना. आपण किती परराज्यावर अवलंबून आहोत ते तेव्हा कळलं. पण म्हणून बुटक्या गाई आणायच्या का, यावर आमचं चार दिवस चाललं होतं.

आधी लोलाइन म्हणजे काय ते बघू. न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँजी संशोधन केंद्रात १९७४ मध्ये अँगस गुरांवर प्रयोग सुरू झाला. जलद वाढणारी एका कळपात, हळू वाढणारी दुसऱ्यात. त्या हळू वाढणाऱ्यांची ही अवलाद. म्हणजे मुळातच मांसाची जात, फक्त आकाराने आखडलेली. आयर्लंडची डेक्स्टरही बुटकी, पण तिच्यात बुटकेपणाचा एक जनुक असा आहे की तो बाळगणारे नर-मादी एकत्र आले तर चारातलं एक वासरू व्यंग घेऊन मेलेलंच पडण्याची शक्यता असते.

आपली बुटकी गुरं वेगळ्या कारणाने बुटकी आहेत. केरळची वेचूर, आंध्रातली पुंगनूर, घाटावरची मलनाड गिड्डा, आपल्या गोव्याची श्वेत कपिला. डोंगर, पाऊस आणि निकस चाऱ्यावर तगून ती लहान राहिली. मांसासाठी त्यांना कुणी कधी निवडलंच नाही. वेचूरची गाय साधारण १३० किलोची, बैल १७० च्या आसपास. जिवंत वजनाच्या निम्मं धरलं तर बैलाचे हाडांसकट ८५ किलो, तेही तीन-चार वर्षं सांभाळल्यावर. आणि पुंगनूरची किंमत विचाराल तर, २०२४ च्या संक्रांतीला पंतप्रधान त्या गाईंना चारा घालताना सगळ्या देशाने पाहिले. आता ती हौसेची गाय झाली आहे, भाव लाखात. लाखाचं जनावर किलोच्या भावाने विकायचं म्हणजे गणितच उलटं.

पण खरी मेख पुढे आहे. कळपात निम्म्या माद्याच जन्मणार. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गाय कापायला बंदी आहे आणि त्यातल्या 'गाय' शब्दात कालवड आणि वासरूही येतं. बैलाला १९९५ च्या कायद्याने कापायचा दाखला मिळू शकतो, पण कधी? तो ओढकामाला किंवा पैदाशीला परवडणार नाही असं ठरलं तर. दोन-अडीच वर्षांचा धडधाकट बैल घेऊन 'हा निरुपयोगी आहे' म्हणून कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं? म्हणजे माद्या विकता येत नाहीत, नर कोवळा असताना दाखला नाही. राहिली मावशी. तिने एका वाक्यात निकाल दिला, "गाय दारात आली तर ती दावणीलाच मरतली." भाऊ हसला, पण पंधरा वर्षांचा चारा त्या वाक्यात होता.

आता रेडकू, म्हणजे म्हशीचं नर वासरू. दूधवाल्याला ते नकोच असतं. म्हैस पान्हा सोडेपर्यंत आईजवळ, मग उपाशी. म्हणूनच ते स्वस्तात मिळतं आणि म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांत मरतं. मी एकदा दोन आणली होती. पहिल्याला बादलीतून दूध प्यायला शिकवताना बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायचो. खरखरीत जीभ बोटाला गुंडाळून ते असं ओढायचं की नखं दुखायची. तिसऱ्या दिवशी बोट काढून घेतलं तरी नाक बादलीत खुपसून पीत राहिलं. ते जगलं. दुसऱ्याला जंताचं औषध द्यायला मी आठवडा उशीर केला. ते हगवणीने गेलं. चूक माझीच.

जगलेल्याला सुका पेंढा, हिरवा चारा आणि रोजची पेंड मिळाली तर दोन वर्षांत अडीचशे किलोच्या आसपास जातं. दाखल्याची अट रेड्यालाही तीच आहे, पण आता मळ्यात पॉवर टिलर फिरतो, रेडा जुंपतं कोण? सगळेच नर असल्यामुळे माद्यांचा प्रश्न नाही. घटसर्पाची लस पावसाआधी, लाळ्या-खुरकुताची वेळेवर. डुंबायला पाणी नसेल तर निदान सावली आणि दुपारी अंगावर पाइप. कापणं मात्र परसात नाही. रीतसर कत्तलखान्यात, तपासणी होऊन. सरकारी मीट कॉम्प्लेक्स उसगावला आहे, सत्तरीहून लांब नाही.

बोकडाचं प्रकरण सोपं. या दोन्ही कायद्यांत तो येत नाही, पाच महिन्यांत शेळी विते, बऱ्याचदा जुळी. सिंधुदुर्गची कोकण कन्याळ आपल्या पावसाला सरावलेली, तोंडावर दोन पांढरे पट्टे, काळ्या लांब कानांना पांढरी कड. गोठा मात्र जमिनीपासून उचललेला हवा, खाली फटी ठेवलेल्या फळ्या. ओल्या जमिनीवर शेळी ठेवली की जुलैत खूर सडलेच. शिवाय काजूची नवी रोपं आणि शेळी एका भाटात, म्हणजे बागेत, नांदत नाहीत. डुकराचं मी जास्त बोलत नाही. काणकोणकडचं आगोंद गोवन हे नोंदलेलं काळं डुक्कर चांगलं, पण मावशीच्या घरात ते शक्य नाही.

काहीही पाळलं तरी टेकडीवर मोकळं सोडू नको, एवढं मी बजावलं. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे आणि रानातली गोचीड जनावराच्या अंगावरून घरात येते.

हाताशी वेळ असेल, सकाळ-संध्याकाळ गोठ्यात थांबायची तयारी असेल तर रेडकू. पैसा वर्षाच्या आत फिरायला हवा असेल तर दहा शेळ्या नि एक बोकड. बुटकी गाय हवीच असेल तर श्वेत कपिला घे, दुधाला आणि शेणाला, आणि मांसाचा हिशेब तिच्याजवळ काढूच नको.

गेल्या आठवड्यात त्याने दोन रेडकं आणली. मग त्याचा फोन आला. "दादा, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा एक आकडा पुसलाय. बारा हवेत ना? अकराच वाचता येतायत."

म्हटलं, दवाखान्यात जा आणि आजच नवा मारून घे. दोन वर्षांनी दाखल्यावर तोच नंबर लागणार आहे.