पिशव्या तोलायच्या की सगळी कुंडली मांडायची?

गुडघा किंवा खुबा बदलताना पर्यावरणावर किती भार पडतो हे मोजायचं ठरलं असेल, तर आकडा हातात आल्यावर नेमकं काय बदलणार ते आधी ठरवा. ठाणे-नवी मुंबईतल्या शंभर खाटांच्या हॉस्पिटलचा निर्णय तिथेच अडतो: नुसता कचरा तोलायचा, की वस्तू बनण्यापासून फेकण्यापर्यंतचा सगळा भार मोजणारं जीवनचक्र मूल्यांकन करायचं?

कचरा तोलायला वजनकाटा, वही आणि ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) मामा-मावशींची साथ पुरते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांमुळे पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी होतेच, पिशव्यांवर बारकोडही असतो. निम्मं काम झालेलंच आहे. इम्प्लांटची (बसवायच्या कृत्रिम सांध्याची) कोरी खोकी पिवळ्या पिशवीत पडून भट्टीत जातात का, हे पंधरा दिवसांत कळतं.

पण काट्याला वीज दिसत नाही. सांधेबदलाच्या ओटीत हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषाप्रमाणे तासाला किमान 20 वेळा हवा बदलावी लागते, तीही 21 अंशांच्या आसपास थंड करून. त्यात मे महिन्यातली आपली चिकट हवा, तिच्यातला ओलावाही काढायचा. ग्रिडच्या प्रत्येक युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. ओटीच्या एसीला समजा तासाला 15 युनिट लागले, तर दोन तासांच्या एका गुडघ्यामागे 21 किलो झाले. भुलीचा वायूही काट्यावर येत नाही, आणि डेसफ्लुरेन हा त्यातलाच एक वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवतो. (स्पायनल भुलीत हा रकाना कोराच राहतो.)

आयएसओ 14040 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेलं जीवनचक्र मूल्यांकन हे सगळं पकडतं. कोबाल्ट-क्रोमचं ओतकाम, पॉलिएथिलीन, हाडाचं सिमेंट, अवजारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वाफ, काही सुटत नाही. कागदावर हेच सरस. मात्र इम्प्लांटच्या कारखान्यातला हिशेब कंपनीच्या कपाटात असतो आणि आपल्याला परदेशी सरासऱ्यांवर भागवावं लागतं. आकडा दशांशापर्यंत येतो, पण तो तुमच्या ओटीचा उरत नाही. वर सल्लागाराची फी.

धुऊन वापरायचे कापडी ड्रेप (शस्त्रक्रियेत रुग्णावर पांघरायच्या चादरी) घ्यायचे की एकदाच वापरून फेकायचे, अशी खरेदी अडली असेल तर जीवनचक्राला पर्याय नाही, तिथे पैसे खर्च करा. एरवी मी काटाच घेईन, ओटीच्या एसीला वेगळा वीजमीटर लावेन आणि ट्रेमधली कोणती अवजारं हात न लागता परत ऑटोक्लेव्हला जातात ते लिहून ठेवेन. स्क्रब सिस्टरना विचारा, ती यादी त्यांना तोंडपाठ असते.