सेव्हन प्लेज, सॅम शेपर्ड : सेकंडहँड पेपरबॅक, पेन्सिलच्या खुणांसकट

चार स्टार. एक कापलाय तो सेलरचा, शेपर्डचा (अमेरिकन नाटककार) नाही. लिस्टिंगमध्ये 'आत काहीही लिहिलेलं नाही' असं होतं आणि उघडून बघते तर त्यातल्या 'बरीड चाइल्ड' नाटकाच्या पानापानावर पेन्सिल. पाठीला सेलोटेप लावलाय, तोही वाकडा. पानं पिवळी पडलीयत पण सुटं एकही नाही, आणि सात नाटकं एका पुस्तकात म्हणजे तसे पैसे वसूल, त्यामुळे परत वगैरे नाही केलं.

घेतलं ते 'बरीड चाइल्ड'साठीच. त्याचं सुटं पुस्तक माझ्याकडे होतं, पण ती सुधारलेली आवृत्ती. नाटक पहिल्यांदा झालं 1978 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅजिक थिएटरमध्ये, पुढच्या वर्षी पुलित्झर, आणि 1995 ला शिकागोच्या स्टेपनवुल्फ या नाटक कंपनीने परत बसवलं तेव्हा शेपर्डने संहितेवर पुन्हा हात फिरवला. 'सेव्हन प्लेज' 1981 चं, म्हणजे यात जुनी संहिता आहे. ऑर्डर करताना हे बघून घ्या.

फरक पडतो हो. इलिनॉयमधलं शेतावरचं घर, म्हातारा डॉज सोफ्यावर टीव्हीसमोर पडलेला, दारूची बाटली गादीखाली दडवलेली, बायको वरच्या मजल्यावरून नुसती बोलतेय. टिल्डन, त्यांचा मोठा मुलगा, मागच्या अंगणातून हात भरून मक्याची कणसं आणतो आणि डॉज म्हणतो तिथे 1935 पासून मका लावलेलाच नाही. आता कणसं तर समोर आहेत! टिल्डन ती बसून सोलतो, आणि डॉजला झोप लागली की सगळी सोलपटं त्याच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखी पसरतो. मका आला कुठून ते शेवटपर्यंत कुणी धड सांगत नाही. मला अख्ख्या नाटकात हा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो, आणि रंगमंचावर खऱ्या कणसांचा ढीग किती होत असेल, झाडणार कोण, असलेही विचार येतात, बॅकस्टेजला राबलेल्या माणसाला येणारच.

मग नातू येतो, व्हिन्स, गर्लफ्रेंडला घेऊन, आणि घरात त्याला कुणीच ओळखत नाही. सख्खा बाप टिल्डन म्हणतो, मला एक मुलगा होता पण आम्ही त्याला पुरला. मग हा समोर उभाय तो कोण? इथे समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय 'म्हणजे दोन मुलं?' आणि त्याखाली दुसऱ्याच अक्षरात 'की एकच?'. आधीचे मालक दोन असावेत. तिसऱ्या अंकात तर त्यांचं भांडणच लागलंय, एकाने खोडलंय, दुसऱ्याने परत लिहिलंय. पहिल्या दिवशी जाम चिडले होते, नंतर संवादाच्या आधी समास वाचायला लागले.

सुधारलेल्या आवृत्तीत ते पुरलेलं मूल कुणाचं हे बरंच उघड केलंय. विनोदही मोकळा झालाय, तोंडात वाक्यं छान बसतात, तालमीला कदाचित तीच सोयीची पडेल. पण आमच्या ग्रुपने दोन रविवारी दोन्ही मोठ्याने वाचल्या, तर नवी संपल्यावर सगळे लगेच चहाला उठले आणि जुनी संपल्यावर डॉज वाचणारा दादा 'अगं पण नक्की कुणाचं ते सांग ना' म्हणत मागची पानं चाळत बसला. मला जुनीच पाहिजे.

'ट्रू वेस्ट' पण यात आहे, दोन भाऊ, एक सिनेमे लिहिणारा, एक भुरटा चोर, आणि बघता बघता दोघांची अदलाबदल. 2000 साली ब्रॉडवेवर फिलिप सीमोर हॉफमन आणि जॉन सी. रायली आळीपाळीने दोन्ही भाऊ करायचे, आज हा लेखक तर उद्या तो, आणि वाचल्यावर कळतं की हे नुसतं गिमिक नाही, नाटकातच ते आहे. आई अलास्काहून लवकर परत येते कारण म्हणे गावात पिकासो आलाय. तो कधीच वारलाय, पण तिला पटत नाही.

'टूथ ऑफ क्राइम' मला झेपलं नाही, त्यातली रॉकवाल्यांची बोली डोक्यावरून गेली. 'ला टुरिस्टा' अर्धं झालंय. रिचर्ड गिलमनची प्रस्तावना नाटकं वाचून झाल्यावरच वाचा.

सेलरला पेन्सिलचं कळवलं तर उत्तर आलं, 'मॅडम रबराने जाईल'. रबर लावणार नाहीये, पण कापलेला स्टारही परत देणार नाहीये.