३.७३ वरून ४.५६: डाना ४४ साठी घेतलेला जाड क्राउन-पिनियन सेट

गाडीला ३३ इंची टायर चढवले आणि पाचवा गिअर नावापुरता उरला, अशी ज्यांची अवस्था झालीय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी गाडी पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह. मागे डाना ४४ एक्सल, पुढे डाना ३० (डाना ही एक्सल बनवणारी कंपनी, आकडा मॉडेलचा), पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. मुळात तिला २३५/७५ आर १५ चे टायर होते, म्हणजे साधारण २९ इंच, आणि एक्सलचा रेशो ३.७३, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे. आता ४.५६ चा क्राउन-पिनियन सेट (एक्सलमधला मोठा गिअर क्राउन, त्याला फिरवणारा छोटा गिअर पिनियन) बसवलाय आणि गाडी पूर्वीसारखी, चढाला तर पूर्वीपेक्षाही बरी ओढते. असे सेट बरेच उत्पादक बनवतात आणि बसवताना अडचणी सगळ्यांत त्याच येतात, म्हणून कंपनीच्या नावापेक्षा सेटच्या प्रकाराबद्दल बोलते.

सेट मागवण्याआधी आपल्या गाडीत सध्या काय आहे ते पक्कं करा. डिफ्रन्शियलच्या (एक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाच्या) कव्हरच्या बोल्टखाली एक पत्र्याची पट्टी असते. फोर्डच्या पट्टीवर ‘३एल७३’ असं दिसलं तर रेशो ३.७३, आणि मधला ‘एल’ सांगतो की आत लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक घसरत फिरू न देणारा डिफ्रन्शियल आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत उपकरणांच्या यादीत जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१० आणि जी८० म्हणजे लॉक होणारा डिफ्रन्शियल. डाना एक्सलच्या हौसिंगवर ओतीव आकड्यात ‘४४’ लिहिलेलं असतं, पण त्यावरून फक्त एक्सल ओळखता येतो, रेशो नाही. जुन्या गाडीच्या पट्टीवर मी तरी विसंबणार नाही. आधीच्या मालकाने आतले गिअर बदलून पट्टी तशीच ठेवलेली असू शकते.

फेरे मोजून बघणं खात्रीचं, आणि त्याला काही उघडावंही लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, मागचं एकच चाक उचला, एक्सल स्टँडवर टेकवा, गिअर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. साध्या डिफ्रन्शियलमध्ये दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असलं की उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. म्हणून चाक दोन वेळा फिरवून शाफ्टचे फेरे मोजायचे. मात्र एवढ्यावर थांबलात तर ३.५५ आणि ३.७३ मधला फरक डोळ्याला कळत नाही. चाक वीस वेळा फिरवा. ३.५५ असेल तर शाफ्ट साडेपस्तीस फेरे घेईल, ३.७३ असेल तर सदतीसच्या थोडा पुढे जाईल, आणि मग शंकेला जागा उरत नाही. लिमिटेड स्लिप किंवा लॉकर (लॉक होणारा डिफ्रन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचलावी लागतात. ती एकत्रच फिरतात, तेव्हा चाकाचा एक फेरा हाच क्राउनचा एक फेरा.

कव्हर उघडणारच असाल तर क्राउनच्या कडेवर दातांचे आकडे कोरलेले सापडतात. माझ्याकडे ४१ आणि ११ होते. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. नव्या सेटवर ४१ आणि ९. फोर्डच्या नऊ इंची एक्सलला मागून कव्हरच नसतं, सगळा संच पुढच्या बाजूने बाहेर येतो, त्यामुळे तिथे फेरे मोजणंच सोयीचं.

निवडीसाठी मी एकच हिशेब मानते: इंजिनचे फेरे बरोबर २०९ गुणिले ताशी किलोमीटर गुणिले एक्सलचा रेशो गुणिले चालू गिअरचा रेशो, भागिले टायरचा इंचातला व्यास. माझ्या पाचव्या गिअरचा रेशो ०.७९ आहे. ताशी १०० ला २९ इंची टायर आणि ३.७३ वर इंजिन सुमारे २१२० फेरे घ्यायचं. ३३ इंची टायर लागले आणि ते १८७० वर आलं. याचमुळे जरा चढ लागला की चौथा टाकावा लागायचा. ४.१० घेतला असता तर २०५०, ४.५६ ला २२८०, ४.८८ ला २४४०.

नुसतं मूळच्या आकड्याजवळ जायचं तर ४.१० पुरेसा दिसतो, आणि बरेच जण तोच सुचवतात. मला ते पटत नाही. मोठा टायर फक्त उंच नसतो, जडही असतो, आणि ते वजन चाकाच्या कडेला असतं. ते फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, वर रुंद टायरला हवाही जास्त अडते. गणित मूळच्या रेशोवर आणतं, गाडी मूळच्या ताकदीवर येत नाही. म्हणून मोठ्या टायरसाठी गणितातून येणाऱ्या उत्तराच्या एक पायरी वर जावं, हे माझं ठाम मत आहे. माझं गणिती उत्तर ४.२४ होतं, म्हणून ४.५६. ४.८८ मात्र मी घेणार नाही. माझं बरंचसं चालवणं मोकळ्या रस्त्यावरचं आहे. शिवाय रेशो जितका वाढवाल तितके पिनियनचे दात कमी होतात आणि पिनियन बारीक होत जातो. नऊ दातांचा पिनियन अकरा दातांच्या पिनियनइतका दणकट नसतो, हे नुसतं बघूनही कळतं.

आता ‘जाड’ का? डाना ४४ मध्ये केज, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो ते डिफ्रन्शियलचं घर, दोन प्रकारचे येतात. एक ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंसाठी, दुसरा ३.९२ आणि त्यावरच्या. पिनियन लहान झाला की क्राउन त्याच्याकडे सरकवावा लागतो, म्हणून क्राउन बसण्याची जागा बदलते. ३.७३ वरून ४.५६ ला जाताना एक तर नवा केज घ्यायचा, नाहीतर क्राउनच जाड कापलेला घ्यायचा. माझा केज शाबूत होता, म्हणून मी जाड क्राउन घेतला. पुढे लॉकर टाकायचा विचार असेल तर आत्ताच ३.९२ आणि त्यावरच्या रेशोंचा लॉकर घेऊन साधा क्राउन बसवणं शहाणपणाचं, कारण नंतर जाड क्राउन त्या लॉकरवर चालणार नाही. डाना ३० मध्ये ही सीमा ३.५४ आणि ३.७३ च्या मधे आहे, त्यामुळे पुढच्या एक्सलचा केज तसाच चालला. पुढच्या एक्सलचा सेट मागवताना पिनियन क्राउनच्या मध्याच्या वर आहे की खाली तेही बघा. वर असेल तर उलट्या कापाचे गिअर लागतात.

सेटचा दर्जा मला आवडला. क्राउन आणि पिनियनवर जोडीचा नंबर जुळत होता, दात स्वच्छ, कडांना कुठेही खरवड नाही. पिनियन किती आत बसवायचा, त्या खोलीतला फरक त्याच्या डोक्यावर कोरलेला होता. ४१ आणि ९ अशी जोडी असल्याने पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो आणि झीज सारखी होते. नाराजी एका गोष्टीची: सोबतचा माहितीचा कागद अगदी तोकडा, आणि किटमधल्या शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) इतक्या मोजक्या की वेगळ्या मागवाव्या लागल्या. एवढ्या नेमक्या वस्तूबरोबर असं देणं बरोबर नाही.

बसवण्याचं काम मी जाणकार मेकॅनिककडून करून घेतलं आणि शेजारी उभं राहून पाहिलं. नवे बेअरिंग दाबून बसवण्याआधी त्याने जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून सैल केलं आणि ते फक्त मापासाठी वापरले, म्हणजे शिम बदलताना दर वेळी बेअरिंग ओढून काढायला नको. पिनियनची खोली, मग दातांमधला खेळ, मग दातांना रंग लावून उमटलेला ठसा. खेळ ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या मधे हवा. ठसा दाताच्या मुळाशी जात असेल तर पिनियन फार आत आहे, टोकाशी येत असेल तर फार बाहेर. त्याने ठसा मधोमध येईपर्यंत पुन्हा पुन्हा उघडलं, आणि मला वाटतं पैसे खरे याच कामाचे असतात. चांगला सेट घाईत बसवला की वेग घेतल्यावर जो हूंकार सुरू होतो, तो तेल बदलून जात नाही.

पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवून डिफ्रन्शियल पूर्ण थंड होऊ द्यायचा. पहिले ८०० किलोमीटर काही ओढायचं नाही, मग तेल बदलायचं. अशा सेटचे हायपॉइड दात (पिनियन क्राउनच्या मध्यापासून वर किंवा खाली असलेले) एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून तेल जीएल-५ दर्जाचंच हवं. पहिल्या तेलात बारीक चमक दिसली तर घाबरू नका. कणी किंवा तुकडा दिसला तर मात्र कव्हर काढा.

आता चढावर गाडी पाचव्यातच राहते. लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या हळू पण जोरकस गिअरमध्ये) पहिल्या गिअरचा एकूण रेशो ३८.९ वरून ४७.५ वर गेला, त्यामुळे दगडांतून उतरताना ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही. इंजिनच धरून ठेवतं. आवाज नाही, ना पाय दाबल्यावर ना सोडल्यावर. एक बदल जाणवला: त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट आता २२ टक्के जास्त फिरतो, म्हणून शाफ्टच्या सांध्यातल्या जुन्या क्रॉसची थरथर लगेच वर आली. क्रॉस बदलल्यावर ती गेली. शाफ्ट आधीच तपासून घेतलात तर सोपं जाईल.

फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकदमच बदला. ४.०९ आणि ४.१० एकत्र चालतात, पण ३.७३ आणि ४.५६ ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद वाटणारा बॉक्स) मोडेल. टायर मूळच्याच मापाचे असतील आणि गाडी मुख्यतः लांबच्या रस्त्यावर धावत असेल, तर हा सेट घेऊ नका.

स्पीडोमीटरचा छोटा गिअर याच खर्चात धरा. माझा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. मोठ्या टायरने तो वेग कमी दाखवायचा, नव्या रेशोनंतर सुमारे ७ टक्के जास्त दाखवायला लागला. त्या प्रमाणात जास्त दातांचा गिअर टाकला की काटा जागेवर येतो.