सिमुलेशन लॅब की भरलेले वॉर्ड? नर्सिंगचं कॉलेज निवडताना

बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या मुलींना हा पेच पडतो: अद्ययावत सिमुलेशन लॅबचं (जिथे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यांवर सराव करतात) कॉलेज घ्यावं, की कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या गजबजलेल्या ठिकाणी पोस्टिंग मिळेल असं? आयसीयूचं काम शिकण्यापुरतं बोलते.

खऱ्या आयसीयूत रुग्णाचं हृदय थांबलं की विद्यार्थिनीला बाजूला उभं करतात. ते योग्यच, पण मग तिने शिकायचं कधी? मॅनिकिनवर, म्हणजे लॅबमधल्या सरावाच्या पुतळ्यावर, तीच मुलगी टीम लीडर होते. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल छाती दाबली जातेय ना, हे बघते. मॉनिटरवरची लय शॉक देण्याजोगी आहे का, ते ओळखते. अ‍ॅड्रेनालिन या औषधाची वेळ सांभाळते. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म नुसता बंद करायचा नाही. ट्यूब दुमडलीय का, कफ साठलाय का, रुग्ण ट्यूब चावतोय का ते बघायचं, ही सवय लॅबमध्ये निवांतपणे लागते.

वॉर्डातलं शिक्षण निराळं. घामेजल्या त्वचेवर टेप चिकटत नाही, आजींची शीर सापडत नाही, दोन बेडवरून एकदम हाका येतात आणि दाराशी मुलगा विचारत असतो, ‘आई कशी आहे, सिस्टर?’ त्याला काय आणि किती सांगायचं, हे माणसांतच कळतं.

अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात निम्मे क्लिनिकल तास, म्हणजे रुग्णांजवळ शिकायचे तास, सिमुलेशनने भरूनही विद्यार्थी मागे पडले नाहीत. मात्र तिथले शिक्षक त्यासाठी तयार केलेले होते आणि सत्रानंतर नीट डीब्रीफिंग होई: काय दिसलं, काय सुटलं, तेव्हा मनात काय होतं. ते नसेल तर लाखोंचं मॅनिकिन वाया गेलं.

दोन्ही चांगलं मिळत नसेल तर मी रुग्णालय निवडेन. सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचा, कोर्स नंतर बाहेर करता येतो. चार वर्षांचा रुग्णांचा सहवास नंतर मिळत नाही. पण वॉर्डात विद्यार्थिनींना फक्त बेड लावायला आणि फायली पोचवायला ठेवत असतील, तर चांगली लॅबच बरी.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमात सिमुलेशन आहेच, त्यामुळे लॅब सगळीच कॉलेजं दाखवतील. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचारा: मॅनिकिनला शेवटचा हात कधी लावलास, आणि नंतर मॅडम तुमच्याशी किती वेळ बोलल्या?