कंपनीच्या कागदपत्रांचं हब पेज: शेअरपॉइंट, गूगल साइट्स की आपलाच सर्व्हर?

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्यातल्या मध्यम कारखान्यात एखादं ड्रॉइंग हवं असलं की आधी क्वालिटीतल्या जुन्या माणसाला फोन जातो. फाइल सर्व्हरवर असते, मेलमध्ये असते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटोही असतो. यातली चालू रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) कोणती, हे मात्र त्या एकालाच ठाऊक. तो गावी गेला की काम अडलं. म्हणून आता बरेच मालक आणि सिस्टिमवाले अंतर्गत हब पेजचा विचार करतायत. एकच पान उघडायचं आणि तिथून एसओपी (काम करायची लिखित ठरलेली पद्धत), ड्रॉइंग, फॉर्म, एचआरचं परिपत्रक, सगळीकडे जाता यायला हवं. ते पान कशावर बांधायचं, हा खरा घोळ आहे. पन्नास ते तीनशे माणसांची कंपनी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी ती लागू होते. हब पेजवर फक्त लिंक असावी, फाइल तिच्या एकाच मूळ जागी राहावी. मूळ फोल्डरमधली पीडीएफ डाउनलोड करून पानावर पुन्हा चिकटवली की दुसरी प्रत जन्माला आली. पुढच्या ऑडिटला नेमकी तीच सापडते. मशीनवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदावर ‘कंट्रोल्ड कॉपी’चा, म्हणजे अधिकृत प्रतीचा, शिक्का असूनही आतली रिव्हिजन जुनी, असं जे होतं तेच मग स्क्रीनवर होतं.

गूगलपासून सुरू करू. कंपनीचे मेल गूगल वर्कस्पेसवर असतील तर गूगल साइट्स तुमच्याकडे आधीपासूनच आहे. पान बनवायला कोडिंग लागत नाही. माउसने ओढून खोके मांडायचे, ड्राइव्हचा फोल्डर पानातच बसवायचा. एचआरमधल्या मुलीने दुपारी बसून संध्याकाळपर्यंत चांगलं पान उभं करावं, इतकं ते सोपं आहे. पण साइट बघायची परवानगी आणि ड्राइव्हमधली फाइल बघायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान सगळ्यांना दिसतं, लिंक दाबली की ‘अ‍ॅक्सेस मागा’ अशी पाटी येते आणि चार दिवसांत लोक त्या पानाकडे फिरकेनासे होतात. म्हणून फाइली कुणाच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये न ठेवता शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा. तिथे फाइलची मालकी कंपनीची असते. माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद झालं, तरी फाइल जागेवर राहते. तुमच्या प्लॅनमध्ये शेअर्ड ड्राइव्ह आहे का, हे मात्र आधी तपासा.

वाहन उद्योगाला पार्ट पुरवणाऱ्यांनी गूगलची आणखी एक खोच लक्षात ठेवायला हवी. डॉक्स आणि शीट्स सोडून बाकी फाइलींच्या, म्हणजे पीडीएफ किंवा कॅड ड्रॉइंगच्या, जुन्या आवृत्त्या ड्राइव्ह कायम ठेवत नाही. ३० दिवस उलटले किंवा १०० आवृत्त्या झाल्या की जुनी पुसली जाऊ शकते. ती राहावी असं वाटत असेल तर ‘कायम ठेवा’ची खूण स्वतः करावी लागते. इकडे आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक म्हणतं, की पीपीएपी (पार्टला ग्राहकाची मंजुरी), टूलिंग आणि डिझाइनच्या नोंदी तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू असेपर्यंत ठेवा, आणि वर एक कॅलेंडर वर्ष. खूण करायचं राहून गेलं आणि ऑडिटरने आधीची रिव्हिजन मागितली, तर एनसी (ऑडिटमधली त्रुटीची नोंद) ठरलेलीच. यावर साधा मार्ग म्हणजे प्रत्येक रिव्हिजन वेगळ्या फाइलने ‘ऑब्सोलीट’ (कालबाह्य) फोल्डरमध्ये टाकणे. चालतं, पण ते शिस्तीवर अवलंबून आहे.

शेअरपॉइंट, म्हणजे कंपनीच्या फाइली आणि अंतर्गत पानांसाठीची मायक्रोसॉफ्टची सेवा, इथेच पुढे जातं. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या बहुतेक बिझनेस प्लॅनमध्ये ते असतं. अनेक कंपन्या त्याचे पैसे भरतात आणि फक्त आउटलुक वापरतात! त्यातल्या डॉक्युमेंट लायब्ररीत कच्ची आणि मुख्य अशा दोन प्रकारच्या आवृत्त्या ठेवता येतात. मंजुरीची सेटिंग चालू केली की क्वालिटी हेडने हिरवा कंदील देईपर्यंत बाकीच्यांना आधीची मंजूर फाइलच दिसते. डॉक्युमेंट कंट्रोलचं निम्मं काम त्यातच झालं. नेहमीच्या सेटिंगमध्ये ५०० मुख्य आवृत्त्या राहतात.

दुसरा फायदा कॉलमांचा. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करण्यापेक्षा प्रत्येक फाइलला ग्राहक, पार्ट नंबर, रिव्हिजन आणि स्पेसिफिकेशन मिळाल्याची तारीख असे रकाने जोडायचे. मग एकाच लायब्ररीतून ‘या ग्राहकाचे चालू ड्रॉइंग’ ही यादी आपोआप निघते आणि ती हब पेजवर बसवता येते. मिळाल्याच्या तारखेचा रकाना मुद्दाम सांगितला. ग्राहकाकडून बदललेलं स्पेसिफिकेशन आलं की त्याचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत व्हावा, असं आयएटीएफ सांगतं, आणि कुठलं राहिलंय ते या रकान्यावरून लगेच कळतं.

मायक्रोसॉफ्टच्या भाषेत ‘हब साइट’ ही वेगळी चीज आहे. क्वालिटी, एचआर, मेंटेनन्स अशा वेगवेगळ्या साइट एका हबला जोडल्या की वरचा मेनू सामायिक होतो आणि शोध सगळ्यांत मिळून चालतो. परवानग्या मात्र जिथल्या तिथेच राहतात, त्यामुळे पगाराच्या फाइली हबला जोडल्या म्हणून उघड्या पडत नाहीत. एकाच प्लांटच्या कंपनीला हब साइटची गरज नाही, एक कम्युनिकेशन साइट (सगळ्यांना वाचायला माहिती मांडणारी साधी साइट) पुरे. वाळूज, जालना आणि पुणे असे तीन प्लांट असतील तर जरूर करा.

आता त्याचं दुखणं. शेअरपॉइंट पसरट आहे, आणि कुणीतरी उत्साहाने एकेका फाइलला वेगळी परवानगी देत सुटलं की सहा महिन्यांनी कोणाला काय दिसतं हे देवालाही सांगता येणार नाही. परवानगी लायब्ररीच्या पातळीवर द्या, त्याखाली उतरू नका. जुन्या सर्व्हरवरचे खोल फोल्डर जसेच्या तसे चढवतानाही गाडी अडते, कारण फाइलचा पूर्ण पत्ता ४०० अक्षरांच्या आत बसावा लागतो.

तिसरा पर्याय आपला स्वतःचा सर्व्हर. बुकस्टॅक किंवा डोकूविकी ही मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर कंपनीतल्याच एका संगणकावर चालतात. बुकस्टॅकची मांडणी मला आवडते: शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान. कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. डोकूविकीला तर डेटाबेसही लागत नाही, सगळं साध्या टेक्स्ट फाइलींत असतं. एमआयडीसीत रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने इंटरनेटची फायबर तोडली तरी कारखान्यातलं पान उघडतं, ही क्लाउडला न जमणारी गोष्ट आहे. लाइनवरच्या ऑपरेटरला कंपनीचा मेल नसतो. क्लाउडवर प्रत्येकासाठी लायसन्स लागतं. मायक्रोसॉफ्टचे स्वस्त एफ१, एफ३ प्लॅन त्यासाठीच आहेत, तरी खर्च आहेच. आपल्या सर्व्हरवर मात्र प्लांटच्या नेटवर्कपुरतं लॉगिनशिवाय वाचता येईल असं ठेवता येतं आणि मशीनवर क्यूआर कोड लावता येतो. क्लाउडवर हीच सोय ‘लिंक असलेल्या कुणालाही’ असं करून साधू नका, ग्राहकाचं ड्रॉइंग गोपनीय असतं.

पण बुकस्टॅक लिहिलेल्या पानांसाठी आहे. पानाच्या जुन्या आवृत्त्या ते सांभाळतं, जोडलेल्या फाइलींच्या नाही. एसओपी, मशीन सेटिंग, सुरक्षेच्या सूचना यांसाठी उत्तम, ड्रॉइंगसाठी नको. शिवाय बॅकअप, अपडेट, यूपीएस हे सगळं तुमच्या गळ्यात. महिन्यातून एकदा येणाऱ्या हार्डवेअरवाल्याच्या भरवशावर हे करू नये.

कॉन्फ्लुएन्स आणि नोशनबद्दलही लोक विचारतात. सॉफ्टवेअर टीमसाठी दोन्ही छान आहेत, कॉन्फ्लुएन्स तर १० जणांपर्यंत मोफत. पण ज्या कंपनीचं सगळं एक्सेल आणि पीडीएफमध्ये आहे, तिला तिसऱ्या ठिकाणी नवं घर कशाला?

मराठी कागदपत्रांचा प्रश्न तिन्हीकडे सारखाच आहे. कामगारांसाठीची जुनी परिपत्रकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर संगणकाच्या लेखी ती देवनागरी नसतातच. ‘रजा’ शोधलं तर काही सापडणार नाही. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, निदान फाइलचं नाव तरी युनिकोड मराठीत द्या.

पानाची मांडणी विभागवार करायचा मोह होतो, कारण संघटनेचा तक्ता तसाच असतो. पण ‘एफ/क्यूए/०७’ हा फॉर्म क्वालिटीचा आहे हे नव्या सुपरवायझरला कुठून माहीत असणार? त्याच्यापुढे काम असतं. ‘ग्राहकाची तक्रार आली’, ‘मशीन बंद पडलं’, ‘नवा कंत्राटी कामगार रुजू होतोय’ अशी शीर्षकं ठेवा आणि प्रत्येकाखाली लागणाऱ्या चार-पाच लिंक द्या. फाइली आत विभागवारच राहू द्यात. प्रत्येक शीर्षकाखाली ते पान कोण सांभाळतं, त्या माणसाचं नाव आणि शेवटचं तपासल्याची तारीखही लिहा.

माझा कल असा: वाहन उद्योगाचे ऑडिट असतील आणि मायक्रोसॉफ्टचे पैसे जातच असतील, तर डोळे झाकून शेअरपॉइंट. लातूरची डाळ मिल किंवा व्यापारी पेढी, जिथे रिव्हिजनपेक्षा करार, लायसन्सच्या तारखा आणि दरपत्रकं महत्त्वाची, तिथे गूगल साइट्स पुरून उरेल. पूर्णवेळ आयटीचा माणूस असलेल्या प्लांटने लाइनवरच्या सूचनांसाठी बुकस्टॅक आणि ड्रॉइंगसाठी शेअरपॉइंट, अशी जोडी करायला हरकत नाही. मेल एका कंपनीचे आणि फाइली दुसऱ्या कंपनीकडे अशी स्थिती असेल तर हब पेजच्या आधी तेवढं एकीकडे आणा, नाहीतर प्रत्येक लिंकला दोनदा लॉगिन करावं लागेल.