सार्कोमिअरचे चल मॉडेल : आकुंचन उत्तम, शिथिलन अपुरे

सार्कोमिअरचे, म्हणजे स्नायूतील आकुंचन पावणाऱ्या सर्वांत लहान एककाचे, हे चल मॉडेल आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने कोल्हापुरातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून घेतले असून अकरावीच्या वर्गात ते वर्षभर वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. लाकडी पाटावर बसवलेल्या या मॉडेलची मूठ फिरवली की अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू मायोसिनच्या जाड तंतूंमध्ये सरकतात आणि दोन्हीकडच्या झेड-रेषा (सार्कोमिअरच्या दोन टोकांच्या सीमा) जवळ येतात, परंतु कोणत्याही तंतूची स्वतःची लांबी कमी होत नाही. १९५४ साली मांडल्या गेलेल्या सरकत्या तंतूंच्या सिद्धान्ताचा गाभा हाच आहे. तालमीत जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने जाड तंतूला पट्टी लावून मूठ फिरवण्याआधी आणि नंतर लांबी मोजली. तंतूच आखडतात हा त्याचा समज तिथेच गळून पडला.

नियंत्रण करणाऱ्या प्रथिनांवर निर्मात्याने विशेष मेहनत घेतलेली दिसते. मायोसिनची डोकी (जाड तंतूंतून बाहेर आलेले, अ‍ॅक्टिनला ओढणारे भाग) जिथे चिकटतात त्या अ‍ॅक्टिनवरील जागा ट्रोपोमायोसिनच्या निळ्या दोरीने झाकलेल्या आहेत आणि ट्रोपोनिनच्या खाचेत कॅल्शियमचा लाल मणी बसवला की ती दोरी बाजूला सरकून जागा मोकळ्या होतात. दर सात अ‍ॅक्टिन रेणूंमागे एक ट्रोपोनिन हे प्रमाणही बिनचूक आहे.

शिथिलनाबाबत मात्र मॉडेल दिशाभूल करते. मणी काढताच स्प्रिंगमुळे तंतू मागे जातात, त्यामुळे स्नायू सैल होण्यास ऊर्जा लागतच नाही असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात कॅल्शियम सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे स्नायूपेशीतील कॅल्शियमच्या साठ्यात, परत ओढणारा पंप दर दोन आयनांमागे एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करतो, आणि मायोसिनचे डोके अ‍ॅक्टिनपासून सुटण्यासाठीही त्याला नवा एटीपी जोडला जावा लागतो. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते एटीपी संपून ही डोकी अडकून राहतात म्हणूनच. शिवाय दंडाच्या पुढचा आखडलेला बायसेप्स पुन्हा लांब होतो तो मागच्या ट्रायसेप्सच्या किंवा वजनाच्या ओढीने, स्वतःच्या जोराने नव्हे. इतकी महत्त्वाची बाब असूनही एटीपीसाठी एकही सुटा भाग दिलेला नाही, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे.

सैल झालेली मूठ दुकानदाराने विनातक्रार बदलून दिली. आकुंचन शिकवण्यासाठी महाविद्यालयांनी हे मॉडेल जरूर घ्यावे. आम्ही एटीपी म्हणून पिवळे मणी वेगळे आणले असून, प्रत्येक डोक्याला मणी लावल्याशिवाय मूठ उलटी फिरवायची नाही, असा नियम वर्गात केला आहे.