चौदा कामगारांचा टॉवेल कारखाना : ईएसआय, खासगी विमा की आधी मागाला जाळी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चोवीस माग चालवणाऱ्या एका तरुण टॉवेल कारखानदाराने गेल्या महिन्यात मला विचारलं, "काका, वर्षाला ऐंशी-नव्वद हजार कामगारांसाठी बाजूला काढलेत. ईएसआय भरू, मेडिक्लेम काढू, की शेड दुरुस्त करू?" ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीवर चालणारी सरकारी योजना. मी बरीच वर्षं यंत्रमागवाल्यांची पगारपत्रकं लिहितो. हा प्रश्न मालकाने स्वतःहून विचारला याचाच मला आनंद झाला. त्याला जे सांगितलं तेच इथे थोडं विस्ताराने लिहितो.

आधी एक गोष्ट. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं पगारावर असतील, तर ईएसआय ऐच्छिक नाही, तो कायदा आहे. याच्याकडे चौदा जण आहेत, म्हणजे "ईएसआय की मेडिक्लेम" हा प्रश्न त्याच्यापुरता संपला. तरीही तुलना करायला हवी, कारण आठ माणसांचे कारखाने सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. शिवाय चौदा माणसं असूनही कागदावर नऊच दाखवणारेही आहेत. त्यांना आपण नेमकं काय वाचवतोय आणि कशावर पाणी सोडतोय, ते दिसलं पाहिजे.

खर्च बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारामागे मालक 3.25 टक्के भरतो आणि कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के जातात. 2019 च्या जुलैपासून हा दर आहे, त्याआधी दोघांचे मिळून साडेसहा टक्के जायचे. चौदा जणांचा पगार सरासरी 15,000 धरला, तर मालकाचे महिन्याला 6,825 आणि वर्षाला 81,900 रुपये होतात. मेडिक्लेमचा हप्ता वयावर आणि रकमेवर ठरतो. कमी रकमेची गट पॉलिसी यापेक्षा स्वस्त पडू शकते. इथपर्यंत मेडिक्लेम बरा वाटतो.

आता एकच अपघात घ्या आणि दोन्ही रस्त्यांनी चालून बघा. तीस वर्षांचा विणकर आहे, पगार 15,000. तूस, म्हणजे मागावर साचलेला कापसाचा केर, काढताना हात गिअरमध्ये गेला आणि उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली.

मेडिक्लेम असेल तर दवाखान्याचं बिल पॉलिसीच्या रकमेपर्यंत भागेल, जवळच्या चांगल्या दवाखान्यात लगेच दाखल करता येईल. हा मोठा फायदा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण घरी बसलेल्या दोन महिन्यांचा पगार? तो मेडिक्लेम देत नाही. आणि बोट गेल्याची भरपाई मालकाच्या डोक्यावर तशीच राहते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातलं हे सूत्र आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98 आहे. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, अठरा लाख एकाहत्तर हजारांच्या पुढे. संपूर्ण तर्जनी गेली तर त्याचे 14 टक्के, म्हणजे सुमारे 2 लाख 62 हजार. अंगठा गेला असता तर 30 टक्के. आणि माणूसच गेला असता, तर निम्मा पगार, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. चोवीस मागांच्या कारखान्यातून ही रक्कम एकदम कशी काढायची, हे ज्याचं त्याने मनाशी ठरवावं. मेडिक्लेम काढून निर्धास्त झालेल्या बहुतेक मालकांना ही जबाबदारी वेगळी आहे हेच माहीत नसतं. तिच्यासाठी कामगार भरपाईची निराळी पॉलिसी लागते, आणि त्यात खरा पगार आणि खरी माणसं दाखवावी लागतात.

ईएसआय असेल तर उपचाराला रकमेची मर्यादा नाही. कामावरचा अपघात असेल, तर किती दिवस वर्गणी भरली हेही बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात. नंतर वैद्यकीय मंडळाने 14 टक्के अपंगत्व ठरवलं, तर या 90 टक्के रकमेच्या त्या प्रमाणात, सुमारे 1,890 रुपये महिना, तहहयात. मृत्यू झाला तर बायको-मुलांना दरमहा रक्कम. आणि मालकावरची भरपाईची जबाबदारी उतरते. साध्या आजारपणातही 70 टक्के पगार, वर्षात 91 दिवसांपर्यंत. बाळंतपणाला 26 आठवडे, म्हणजे सुताच्या कांड्या भरणाऱ्या आणि शिलाईवर बसणाऱ्या बायकांसाठी हे केवढं मोठं आहे! वर अवलंबून असलेले आईवडीलसुद्धा यात येतात. सोलापुरात ईएसआयचं रुग्णालयही आहे.

उणं काय? दवाखान्याला जायचं तर अर्धी पाळी मोडते, म्हणून कामगार किरकोळ तापाला गल्लीतल्या डॉक्टरकडेच जातो. आणि जास्त माग चालवून 21,000 च्या वर कमावणारा विणकर किंवा जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) यात बसत नाही. त्यांच्यासाठी मात्र मेडिक्लेम आणि भरपाईची पॉलिसी दोन्ही घ्या. आठ माणसांच्या कारखान्यालाही मी हेच सांगेन, आणि दोन्हीचे पैसे नसतील तर भरपाईची पॉलिसी आधी.

पण हे सगळं बोट तुटल्यानंतरचं झालं. गिअरला जाळी असती, तर बोट गेलंच नसतं. जाळी, पट्ट्याला आवरण, धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) उडून अंगावर येऊ नये म्हणून आडवी पट्टी, ही कामं जॉबर आणि वेल्डर मिळून चोवीस मागांना करून देतात. एकदाच करायचा खर्च आहे. दरवर्षीच्या हप्त्याशी त्याची तुलना करणंच मला पटत नाही. आणि एक सवय: माग चालू असताना तूस काढायचं नाही. ही सवय मालकाने लावली तरच लागते, कारण नगावर पैसे मिळवणारा माणूस माग थांबवला की आपले पैसे बुडाले असंच मानतो. सफाईच्या वेळेचे पैसे त्याला द्या.

आवाजाचं मला जरा जास्त बोलायचंय. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं माग चालवला. आज त्यांना फोनवर नातवाचं बोलणं कळत नाही, ते नुसतं "बरं, बरं" म्हणतात. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. ज्या शेडमध्ये असं ओरडावं लागतं, तिथे कान रोज थोडा थोडा जातो. कानात घालायचे बोळे काही रुपयांना मिळतात. कामगार म्हणतात, "मालक, कान बंद केला की माग कुठं अडकला कळत नाही." हे खरं आहे, विणकर डोळ्यांइतकाच कानाने माग ओळखतो. म्हणून एक जोड देऊन थांबू नका, दोन-तीन प्रकारचे आणून त्यालाच निवडू द्या. आवाजाने कमी होणारं ऐकू येणं आणि कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार, दोन्ही कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी कोणी छाती आवळल्याची तक्रार करत असेल, तर ती त्या धुळीची खूण असू शकते. त्याला आळशी म्हणू नका, तपासायला पाठवा.

यातून धंद्याला काय मिळतं? खाडे कमी होतात. आणि डॉबी, जेकार्ड ही नक्षी विणायची यंत्रं कळणारा माणूस उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटल्यावरही तुमच्याकडेच राहतो. नवा माणूस तयार होईपर्यंत माल किती खराब होतो, ते प्रत्येक कारखानदाराला पाठ आहे. परदेशी खरेदीदाराचा माणूस तपासणीला आला की विणीच्या आधी आग विझवायचं सिलिंडर, बाहेर पडायचं दार आणि हजेरीपुस्तक बघतो. टॉवेल बाहेर पाठवायचा असेल तर हे टळत नाही.

आणि 18 मे 2025. त्या रविवारी पहाटे याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. त्यात मालक होते, त्यांच्या घरची माणसं होती, कामगारही होते. सोलापुरात आजही कित्येक ठिकाणी घर आणि शेड एकाच छपराखाली आहे. सूत, तूस आणि जुनी वायरिंग तिथेच, झोपणारी माणसंही तिथेच. इथे मालकाची सुरक्षा आणि कामगाराची सुरक्षा वेगळी काढताच येत नाही.

त्या तरुणाला मी पैशांचा क्रम असा दिला. ईएसआयची नोंदणी या महिन्यात, आणि अपघात झाल्यावर नाव चढवायचा विचारसुद्धा नको. त्यानंतर वायरिंग आणि दुसरं दार, मग जाळ्या आणि बोळे. उन्हाळ्याआधी पत्र्याला पांढरा रंग आणि हवा बाहेर फेकणारे पंखे, कारण एप्रिल-मे मध्ये बाहेर त्रेचाळीस असतं तेव्हा शेडमध्ये उभं राहवत नाही. मेडिक्लेम फक्त दोन जॉबरना. या वर्षी पैसे कमी पडले तर पंखे पुढच्या वर्षी घे, दार पुढे ढकलू नकोस.

तो म्हणाला, मागचं दार आहे आमच्याकडे. मी विचारलं, रातपाळीला त्याची किल्ली कोणाकडे असते? त्याला ते सांगता आलं नाही. त्याच रात्री जाऊन त्याने कुलूप काढलं, आणि आता त्या दाराला फक्त आतून कडी आहे.